शिकारीच्या शूटला निघालं की दर वेळी काहीतरी राहतंच: कारणं, जागेवरचा उपाय आणि कायमची दुरुस्ती

लक्षण सगळ्यांना ओळखीचं आहे. ब्रिटनमधला नोव्हेंबर, सकाळचे साडेआठ, शेतघराच्या अंगणात आठ बंदूकवाले जमलेत. खोळ उघडली तर दस्ता आहे, नळ्या आहेत आणि फोरएंड (नळ्यांखाली बसणारा, पुढच्या हाताने धरायचा भाग) नाही. पुढच्या खेपेला फोरएंड आठवणीने आणला, तर कानांवरचे मफ घरी. त्यापुढच्या खेपेला मफ आहेत, पण त्यातली बॅटरी उतरलेली. प्रत्येक वेळी वस्तू वेगळी असते, म्हणून माणूस प्रत्येक वेळी वेगळी चूक झाली असं समजतो. चूक मात्र एकच असते आणि ती त्या सकाळी झालेली नसते. आधीच्या शूटहून परतल्यावर, त्याच रात्री सामान पांगलेलं असतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण जरा जास्त येते, आणि कारण साधं आहे. भारतात शिकारीची वाट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली आणि १९९१च्या दुरुस्तीने बंदच केली. त्यामुळे आजोबा-काकांची तयारी पाहून शिकलेली पिढी आता घरात नसते. शब्द तेवढे उरलेत आणि ते इथे चपखल बसतात: हाका, हाकेकरी, दुनळी, छर्रा, बार. इथल्या ‘ड्रिव्हन शूट’मध्येही हाकेकरी रान झोडपतात आणि बंदूकवाले ठरलेल्या खुंट्यांवर उभे राहतात. खुंटीला इथे ‘पेग’ म्हणतात. दुसऱ्या अर्थाचा पेग बंदूक खोळीत गेल्यावर.

आधी निदान: वस्तू नेमकी कुठे राहिली?

‘विसरलो’ म्हणून मोकळं होऊ नका. घरी राहिली, गाडीत राहिली की मागच्या खुंटीवर राहिली, हे आधी ठरवा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

घरी राहण्याचं कारण बहुधा असं असतं की सामान कायद्यामुळे आणि सोयीमुळे चार ठिकाणी विखुरलेलं असतं. बंदूक पोलादी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, ओला कोट बॉयलरशेजारी वाळत, बूट मागच्या दारी. यातली बंदूक कुणी विसरत नाही. विसरतात त्या वाळत घातलेल्या, धुवायला टाकलेल्या आणि चार्जिंगला लावलेल्या वस्तू. म्हणजे मागच्या शूटनंतर ज्या मूळ जागेवरून हलल्या, नेमक्या त्याच.

गाडीत राहण्याचा प्रकार नवख्यांना माहीत नसतो. अनेक इस्टेटींवर आपली गाडी अंगणात ठेवायची असते आणि सगळे बंदूकवाले एका ट्रेलरमधून किंवा जुन्या लष्करी ट्रकमधून हाक्याच्या जागी जातात. त्याला ‘गन-बस’ म्हणतात. तुमचा रेनकोट विसरलेला नसतो, तो दोन मैल मागे तुमच्याच गाडीच्या डिकीत असतो. गाडीला कुलूप लावण्याआधी एकदा मोजा: खोळीतली बंदूक, काडतुसांची पिशवी, कानांचं संरक्षण, पावसाळी कोट, टोपी. पाच वस्तू, एका हाताची पाच बोटं. कुत्रा असेल तर सहावा तो, पण त्याला विसरणं कठीण, तो भुंकतो.

खुंटीवर राहतात मफ, रिकामी खोळ आणि कुत्र्याची दोरी. हाका संपल्याचा भोंगा झाला की लोक पडलेले पक्षी शोधायला पुढे जातात आणि परतताना सरळ गन-बसकडे वळतात. खोळ खुंटीलाच अडकवून ठेवत चला. खुंटीचा क्रमांक पुढच्या हाक्यासाठी लागतोच (बहुतेक ठिकाणी दर हाक्याला दोनने पुढे सरकायचं असतं), म्हणून नजर तिकडे जाते आणि खोळही दिसते.

फोरएंड: सगळ्यांत महाग पडणारी विसर

इथे जरा थांबायला हवं, कारण ही चूक निष्काळजी माणसापेक्षा काळजीवाहू माणूसच जास्त करतो.

बंदूक गाडीत ठेवून जेवायला जायचं असेल तर फोरएंड काढून सोबत न्यावा, असा सल्ला ब्रिटनमध्ये सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. फोरएंडशिवाय बंदूक चोराच्या काही कामाची राहत नाही. मग तो जातो कोटाच्या आतल्या खिशात. दुपारनंतरच्या हाक्याला परत बसतो. पण दुपारी एकलाच शूट संपलं, किंवा जेवण अगदी शेवटी ठेवलेलं असलं, तर तो खिशातच घरी येतो. कोट जातो खुंटाळ्यावर, बंदूक कपाटात. तीन आठवड्यांनी थंडी वाढलेली असते आणि तुम्ही दुसराच, जाड कोट घालून निघता.

जागेवर उपाय नाही. फोरएंड नसेल तर नळ्या बिजागरीला नीट धरून राहत नाहीत आणि बंदूक उघडली की सुट्या होऊन हातात येतात. शिवाय बहुतेक दुनळ्यांत काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा त्याच भागावर अवलंबून असते. ‘हाताने धरून एक-दोन बार काढतो’ हा विचारही करू नका. दुसऱ्याचा फोरएंड बसत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांतही तो घासून-बसवून जुळवलेला असतो. जोडीच्या बंदुका असतील तर नळ्या, बॉडी आणि फोरएंड या तिन्हींवर १ किंवा २ कोरलेलं असतं. तिन्ही आकडे एकच आहेत ना, हे घरी कपाटासमोरच बघायचं.

कायमचा उपाय असा: बंदूक कपाटात ठेवताना फोरएंड जोडूनच ठेवा, किंवा त्याला कपाटातच पक्की जागा द्या. आणि निघण्यापूर्वी, आदल्या रात्री, बंदूक पूर्ण जोडा, रिकामी असल्याची खात्री करा, एकदा उघडा-मिटा आणि मग खोळीत घाला. सुटे भाग मोजण्यापेक्षा जोडून बघणं चांगलं. जोडली गेली म्हणजे सगळे भाग आहेत.

मग आता कुणाची बंदूक घ्यायची?

ब्रिटनमध्ये तुमच्याकडे शॉटगन सर्टिफिकेट असेल तर दुसऱ्या परवानाधारकाची शॉटगन ७२ तासांपर्यंत पोलिसांना न कळवता उसनी घेता येते. सर्टिफिकेट नसलेल्या पाहुण्यासाठी वाट वेगळी आहे. १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये २०१७ साली कलम ११अ घातलं गेलं. त्यानुसार खासगी जागेत, परवानाधारक मालकाच्या समोर, त्याची बंदूक वापरता येते. देणारा १८ वर्षांवरचा हवा, आणि त्या जागेवर शिकारीला बोलावण्याचा हक्क त्याला स्वतःला किंवा लेखी परवानगीने हवा. ‘समोर’ याचा अर्थ समोरच. तो तीन खुंट्या पलीकडे आणि तुम्ही त्याची बंदूक घेऊन इकडे, असं चालत नाही. पुण्याहून आलेल्या मेव्हण्याला घेऊन जाणार असाल तर हे यजमानांशी आधीच बोलून ठेवा. भारतातला शस्त्रपरवाना इथे कामाचा नाही.

सर्टिफिकेट स्वतःजवळ ठेवा. बंदूक जवळ असताना पोलिसाने मागितलं आणि दाखवता आलं नाही, तर त्याला बंदूक ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. वाटेत काडतुसं विकत घ्यायची वेळ आली तर दुकानदारही ते मागणारच. त्याची जागा खोळीच्या खिशात नको, पाकिटात हवी; खोळ आणि सर्टिफिकेट एकदमच हरवायला नको. बीएएससीसारख्या (ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन) संघटनेचं सभासद कार्डही तिथेच. त्यातला विमा यजमान विचारू शकतात.

काडतुसं: कमी पडली, विसरली, किंवा चुकीची आणली

किती न्यायची हा अंदाज नसतो म्हणून कमी पडतात. साधा हिशोब करा. २०० पक्ष्यांचा दिवस आणि ८ बंदुका, म्हणजे वाट्याला सरासरी २५ पक्षी. एका पक्ष्याला ४ बार धरा, झाले १००. सगळे पक्षी तुमच्याच खुंटीवरून उडाले तर? म्हणून आणखी निम्मे. १५० न्या. २५च्या सहा पेट्या. वजन सहा-सात किलो भरतं, म्हणून ५०-६० पिशवीत आणि बाकी गन-बसमध्ये. घरी २५०चं खोकं फोडून त्यातून पेट्या उचलायची सवय असेल, तर उरलेल्या पेट्यांचा आकडा खोक्यावर पेन्सिलीने लिहा. ‘अजून बऱ्याच असतील’ हा अंदाज शुक्रवारी रात्री दुकानं बंद झाल्यावरच चुकतो.

उसनी घ्यायची वेळ आली तर चार गोष्टी बघितल्याशिवाय एकही काडतूस खिशात टाकू नका.

पहिली, बोअर, म्हणजे नळीच्या जाडीचा आकडा; तो जितका मोठा तितकी नळी अरुंद. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचं काडतूस चुकून गेलं तर ते मागे अडकत नाही. ते आत सरकतं आणि चेंबरच्या (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) पुढे, नळी अरुंद होते तिथे रुतून बसतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं वाटतं. चाप ओढला, बार झाला नाही, ‘भरायचं राहिलं वाटतं’ म्हणून बारा बोअरचं काडतूस घातलं आणि चाप ओढला की नळी फुटते, आणि ती फुटते नेमकी डाव्या हाताशी. वीस बोअरची काडतुसं पिवळी करण्याचा प्रघात याच भीतीमुळे पडला. ज्याच्या घरी दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत त्याने एका कोटात, एका पिशवीत दोन्ही कधीच ठेवू नयेत. शूट संपलं की खिसे उलटे करून झटका.

दुसरी, लांबी. जुन्या इंग्रजी दुनळ्यांची चेंबर ६५ मिलिमीटरची असते, आजची बहुतेक काडतुसं ७० किंवा ६७ची. काडतुसावरची लांबी उडवल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची असते, म्हणून ७०चं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये न उडवता आरामात बसतं आणि घोटाळा करतं. बार उडाला की तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आकडा कोरलेला असतो. घरी एकदा बघून पाकिटातल्या सर्टिफिकेटमागे चिकटवून ठेवा.

तिसरी, छर्रा शिशाचा की पोलादी. इंग्लंडमध्ये १९९९पासून बदकं आणि कलहंसांवर (गीज) शिशाचा छर्रा वापरायला बंदी आहे, मग ती कुठेही असोत. सकाळी फेझंट (रानकोंबड्यासारखा शिकारीचा पक्षी) आणि शेवटच्या हाक्याला तळ्यावरची बदकं असा बेत असेल, तर दोन प्रकारची काडतुसं लागतात आणि दुसरी पेटी घरी राहते. शिवाय फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रिटनमधल्या नऊ शिकार आणि ग्रामीण संघटनांनी पाच वर्षांत शिसं सोडण्याचं आवाहन केल्यापासून अनेक इस्टेटी दिवसभर पोलादीच मागतात, तेही कुजणाऱ्या वॅडचे (वॅड म्हणजे काडतुसात दारू आणि छर्ऱ्यामध्ये बसणारी डाट). निमंत्रणाच्या ईमेलमध्ये ही ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. पोलादी घेताना छर्रा शिशापेक्षा दोन क्रमांक मोठा घ्या. शिशाच्या ६ नंबरऐवजी ४. आणि नळीवर फ्लर-द-लीची (लिलीच्या फुलाच्या आकाराची) खूण नसेल तर ‘हाय परफॉर्मन्स’ पोलादी काडतुसाला हात लावू नका.

चौथी, चोक, म्हणजे नळीचं तोंड आवळून छर्ऱ्याचा पसारा ठरवणारा तुकडा. सुटे चोक असलेल्या बंदुकीतून एक चोक काढून साफ केला आणि तो टेबलावरच राहिला, असं होतं. चोकशिवाय बार काढला तर नळीतले आटे खराब होतात आणि दुरुस्ती चोकच्या किमतीच्या कितीतरी पट जाते. त्या दिवशी दुसरी बंदूक घ्या. चोकची किल्ली विसरली असेल तर बिघडत नाही. जे चोक बसलेले आहेत त्यांवरच दिवस काढा, नाण्याने फिरवू नका.

कान आणि डोळे

बारा बोअरच्या बाराचा आवाज शिखराला १५० डेसिबलच्या आसपास जातो. ब्रिटनच्या २००५च्या ध्वनी नियमांत कामाच्या जागेसाठी शिखराची कमाल मर्यादा १४० आहे. डेसिबलचा हिशोब बेरजेचा नसतो, त्यामुळे हा दहाचा फरक किरकोळ नाही. मफ विसरले तर कापूस किंवा टिश्यूचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचे प्लग अगदी स्वस्तात मिळतात. प्रत्येक कोटाच्या खिशात, गाडीच्या कप्प्यात आणि काडतुसांच्या पिशवीत एकेक जोडी कायमची टाकून ठेवा. इलेक्ट्रॉनिक मफची बॅटरी उतरली तरी ते साध्या मफसारखे काम करतातच, फक्त हाक्याचे भोंगे ऐकू येत नाहीत. भोंगा ऐकू येत नसेल तर शेजारच्या खुंटीवाल्याला सांगून ठेवा. भोंग्यानंतर निघालेला बार कुणी माफ करत नाही.

चष्मा लागत असेल तर जुना चष्मा गाडीत ठेवा. उजव्या खांद्यावरून बार काढणारे पण डावा डोळा जोरकस असणारे लोक चष्म्याच्या डाव्या काचेवर पट्टी लावतात. ती पट्टी विसरली की पहिल्या हाक्याला एकही पक्षी पडत नाही आणि दोष काडतुसांना जातो. प्रथमोपचार पेटीतली कागदी चिकटपट्टी, नखाएवढा तुकडा, काम भागतं.

किरकोळ, पण दिवस बिघडवणाऱ्या वस्तू

कोरडे मोजे, पावसाळी पँट, टाय. यजमानांनी टाय सांगितला असेल तर तो असायला हवा. नसला तर माफी मागून पुढे व्हा, त्यापायी घरी परतू नका.

रोख पैसे. दिवस संपताना गेमकीपर (शिकारीचे पक्षी राखणारा) हातात पक्ष्यांची जोडी देतो, तेव्हा हस्तांदोलनातच बक्षिसी द्यायची रीत आहे. किती द्यायची हे शूट कॅप्टनला सकाळीच विचारा. पण खेड्यात एटीएम नसतं आणि कीपरकडे कार्डचं मशीन नसतं. पाकिटात पैसे नसतील तर ते सकाळीच कुणाकडून घ्या, संध्याकाळी नको. संध्याकाळी सगळ्यांचेच संपलेले असतात.

काडतूस काढायचा छोटा चिमटा आणि दोन-तीन तुकड्यांची सफाईची काठी टोळीत एकाकडे असली तरी पुरते, मात्र ती कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक हवं. खुंटीवर पाय घसरून नळीचं तोंड चिखलात गेलं, किंवा बार फुसका निघाला, तर बंदूक उघडून, काडतुसं काढून, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा बार नाही. काठी नसेल तर त्या हाक्यापुरती बंदूक बाजूला.

कुत्र्याची शिट्टी. इथे उसनवारी फारशी चालत नाही. ॲक्मेच्या शिट्ट्यांवर २१०.५, २११.५ असे आकडे असतात आणि प्रत्येकीचा सूर वेगळा. एका सुरावर शिकलेला कुत्रा दुसऱ्या सुराला मान देईलच असं नाही. त्याच क्रमांकाची दुसरी शिट्टी गाडीच्या किल्लीला अडकवा. गाडी किल्लीशिवाय निघत नाही.

खोळीची अदलाबदल

विसर नव्हे, पण त्याच कुळातला दोष. हिरव्या कॅनव्हासच्या आठ खोळी गन-बसमध्ये शेजारी-शेजारी पडल्या की दिवसाअखेर कुणीतरी दुसऱ्याचीच बंदूक घेऊन जातो, आणि हे प्रकरण परवान्यापर्यंत पोहोचतं. खोळीच्या मुठीला रंगीत सुतळी बांधा आणि गाडीत ठेवण्याआधी उघडून नंबर बघा. खोळ उघडणं हीच बंदूक रिकामी असल्याची शेवटची तपासणीही असते.

परतल्यावरची अर्धी घटिका

थकवा असतो, चिखल असतो, आंघोळीची घाई असते. तरी कपाटाला कुलूप लावण्याआधी हे करा. सगळ्या कोटांचे खिसे रिकामे करा: फोरएंड, काडतुसं, प्लग, चिमटा. बंदूक पुसून, फोरएंडसह, कपाटात. ओली खोळ उघडून उलटी टांगा. ओल्या खोळीत ठेवलेल्या बंदुकीला एका रात्रीत गंज धरतो. मफमधली बॅटरी काढून मफच्याच पिशवीत, नवी जोडी त्यासोबत. काडतुसांच्या पेट्या मोजून खोक्यावर आकडा.

जी वस्तू धुवायला, वाळायला किंवा चार्जिंगला गेली तिच्या नावाची चिठ्ठी काडतुसांच्या पिशवीच्या बंदाला बांधा. पूर्ण यादी नको. चाळीस वस्तूंची यादी तिसऱ्या खेपेला कुणी वाचत नाही. फक्त जागेवरून हललेल्या वस्तूंची चिठ्ठी, तीन-चार शब्दांची. वस्तू परत जागेवर आली की तो शब्द खोडायचा. पुढच्या शूटच्या आदल्या रात्री चिठ्ठीवर न खोडलेला शब्द दिसला, तर ती वस्तू अजून बॉयलरशेजारी आहे.